वडिलोपार्जित घड्याळाची साक्ष

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. तो शिलालेख अस्सल आहे, याविषयी वाद नाही. परंतु कुळाच्या आरंभकाळच्या त्यातील हकीकती संशोधक जशाच्या तशा स्वीकारीत नाहीत. अन्य कागदांशी ताडून पाहतात. दगड खरा म्हणून कथा खरी ठरत नाही. हाच प्रश्न त्या मंदिराच्या परिसरातील मराठी घरांत एका फार लहान वस्तूच्या बाबतीत उभा राहू शकतो. ती वस्तू म्हणजे आजोबांचे मनगटी घड्याळ.

१८५५ साली दुसरे शिवाजी राजे औरस पुत्रावाचून निवर्तले आणि तंजावूरची गादी संपली. दरबारचा आश्रय सुटल्यावर तेथील मराठी मंडळींनी इंग्रजी विद्या व सरकारी नोकरी यांची कास धरली. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. इतरांच्या वाट्याला कचेरीतील लहानमोठी पदे आली. कचेरी आली तेथे घड्याळ आले. प्रथम ते खिशात होते. १९१४-१८ च्या महायुद्धानंतर मनगटावर रुळले. मग वाटणीच्या वेळी एकाकडे घर जाते, दुसऱ्याकडे भांडी, आणि तिसऱ्याच्या हाती ‘साहेबाने निवृत्तीच्या दिवशी दिलेले’ घड्याळ येते. ते खरे काय?

सामान्य माणूस प्रथम तबकडीवरील नाव वाचतो. वास्तविक हा सर्वांत दुबळा साक्षीदार. मोडी कागद पारखणारा मजकुराआधी कागद, शाई व अक्षराचे वळण पाहतो, तद्वत घड्याळाचेही मागचे झाकण आधी उघडावे. तेथे दोन भिन्न नावे दिसली तरी दचकू नये. १८८६ पासून मुंबईत व्यापार करणारी वेस्ट एंड कंपनी स्वित्झर्लंडमधील इतर कारखान्यांकडून घड्याळे करवून घेई. तबकडीवर वेस्ट एंड व आत लाँजीनचे यंत्र, हा लबाडीचा नव्हे, त्या काळच्या व्यवहाराचा पुरावा होय. सोन्याचे म्हणून सांगितलेल्या स्विस घड्याळाच्या झाकणात अठरा कॅरटला स्त्रीमुखाचा आणि चौदा कॅरटला खारीचा बारीक ठसा आढळतो. यंत्रावरील क्रमांक त्याहूनही बोलका. लाँजीनने आपल्या जुन्या वह्या जपून ठेवल्या असून, क्रमांकावरून घड्याळ कारखान्यातून केव्हा व कोणाकडे रवाना झाले हे तेथे बहुधा सापडते.

कालविसंगती सर्वांत लवकर पकडता येते. धक्क्यापासून चक्राच्या आसाचे रक्षण करणारी ‘इनकाब्लॉक’ योजना १९३० नंतरची; तो शब्द मिरविणारे घड्याळ पहिल्या महायुद्धात कोणाच्याही मनगटावर नव्हते. अंधारात चमकणारे आकडे पूर्वी रेडियमने रंगवीत. पुढे ट्रिटियम आले आणि १९६० नंतरच्या तबकड्यांवर तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही अंगांस ‘टी’ हे अक्षर उमटू लागले. १९३५ च्या म्हणविल्या जाणाऱ्या घड्याळावर हे अक्षर असेल, तर निदान तबकडी तरी मूळची नाही.

मात्र येथे घाईने ‘खोटे’ म्हणणे अन्यायाचे होईल. कावेरीच्या मुखाजवळील दमट हवेत तबकड्यांवर डाग पडत. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते. सुटे भाग मिळविणे सोपे नव्हते. घड्याळजी तबकडी पुन्हा रंगवून देई, काटे दुसऱ्या घड्याळाचे बसवी. अक्षरे जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, सेकंदाचे लहान वर्तुळ किंचित सरकलेले, या खुणांवरून ते ओळखू येते. पण दुरुस्ती म्हणजे फसवणूक नव्हे. चार निकामी घड्याळांचे एक करून, भडक रंग देऊन, ते पुराणवस्तू म्हणून विकणे ही फसवणूक. अशा मालाला परदेशचे संग्राहक मुंबईच्या नावानेच ओळखतात; मराठी माणसाला हे कितीही झोंबले तरी नाव पडले आहे खरे.

आणि साहेबाची कथा? आजोबा १९२९ साली निवृत्त झाले आणि क्रमांक १९३८ चा निघाला, तर घड्याळ अस्सल आणि हकीकत चुकीची, असा निकाल द्यावा लागतो. कदाचित साहेबाने दिलेले घड्याळ केव्हाच हरवले असेल, आणि त्याची गोष्ट मागाहून घेतलेल्याला चिकटली असेल. अशा घरात वडीलधारे माणूस रागावते, आणि त्याचा राग समजण्यासारखा असतो. त्याला वस्तूचा नव्हे, वडिलांचाच शब्द खोटा पडल्यासारखे वाटते.

अशा वेळी झाकणाची आतली बाजू भिंगाखाली धरावी. घड्याळ दुरुस्त करणारे तेथे सुईच्या टोकाने आपली खूण व कधी तारीखही ओरखडीत. दहा-वीस वर्षांच्या अंतराने उमटलेले ते ओरखडे बाहेरच्या कोणासाठी केलेले नसत. म्हणूनच त्यांत बनाव करण्याचे कारण नसे. नवे वारस पुष्कळदा ते घड्याळ प्रथम चकाकी देण्यास पाठवितात, आणि झाकण परत येते ते आतून-बाहेरून आरशासारखे स्वच्छ होऊन.