गिटार ॲम्प्लिफायरमधील स्पीकर-बदल

विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील मूळ स्पीकर काढून वेगळ्या गुणधर्मांचा स्पीकर बसवल्यास, परिपथात कोणताही फेरफार न करता स्वराचा पोत बदलतो. घरगुती ध्वनियंत्रणेतील स्पीकरने मूळ ध्वनी जसाच्या तसा ऐकवावा अशी अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर मात्र वाद्याचाच भाग मानावा लागतो. सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा प्रतिसाद झपाट्याने घटतो व विरूपित स्वरातील कर्कशपणा गाळला जातो.

सेलेशन या ब्रिटिश कंपनीचे दोन १२ इंची स्पीकर हा भेद स्पष्ट करतात. व्हॉक्स एसी-३० मुळे प्रसिद्ध झालेल्या अल्निको चुंबकाच्या ‘ब्लू’चा स्वर उजळ, खणखणीत आहे; मार्शलच्या कॅबिनेटांतील सिरॅमिक चुंबकाच्या ‘ग्रीनबॅक’मध्ये मध्यम पट्टी ठळक उमटते. याचे श्रेय बहुधा एकट्या चुंबकाला दिले जाते. वास्तविक कागदी शंकूची घडण व जाडी यांचा वाटाही मोठा असतो.

‘ब्लू’ची क्षमता अवघी १५ वॅट असल्याने ३० वॅटच्या एसी-३० मध्ये तो जोडीने बसवतात. नव्या स्पीकरचा इंपीडन्स (८ किंवा १६ ओहम) ॲम्प्लिफायरशी जुळणे आवश्यक असते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.