प्रीमियरच्या गाडींतलें जपानी एंजिन

नव्या मुंबईंत वाशी, नेरूळ किंवा बेलापूर या भागांतील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारांत चौकोनी बांध्याची एक मोटारगाडी ताडपत्रीखालीं उभी असलेली क्वचित् दिसते. चाकांतील हवा गेलेली, दाराच्या खालच्या कडेला तांबेरा चढलेला आणि पाटीवर जुन्या तीन अक्षरी मालिकेंतला क्रमांक. मुलें तिला 'फियाट' म्हणतात. वडील मंडळीहि पुष्कळदां तेंच म्हणतात. वस्तुतः ती 'प्रीमियर ११८ एन. ई.' या नांवाची गाडी होय. तिचें पुढचें झांकण उघडून पाहिलें तर आंत फियाटचें एंजिन नसून जपानांतील निस्सान कंपनीच्या बनावटीचें एंजिन असतें, आणि नांवांतील 'एन. ई.' हीं अक्षरें त्याचीच खूण म्हणून सांगतात. इटलींत कल्पिलेलें आणि स्पेनमध्यें वापरून झालेलें शरीर, जपानी हृदय आणि मुंबईच्या कामगारांचे हात, असा तिचा संसार आहे.

जुन्या जपानी गाड्या हौसेनें जमविणारे व त्यांचा जीर्णोद्धार करणारे लोक जगांत बरेच आहेत. जर्मनींतील ऑग्सबुर्ग शहरीं फ्राय नांवाच्या पितापुत्रांनीं आपल्या माझदा गाड्यांचा संग्रह एका जुन्या ट्रामडेपोंत मांडून २०१७ सालीं लोकांसाठीं खुला केला. खुद्द निस्साननें आपल्या झामा येथील बंद झालेल्या कारखान्याच्या जागेंत शेंकडों जुन्या गाड्या जतन केल्या आहेत. अशा संग्रहांत मान मिळतो तो वेगवान् आणि दुर्मिळ गाड्यांना. महाराष्ट्राच्या वांट्याला आलेला जपानी वारसा तसा डौलदार नाहीं. तो मिश्र आहे, साधा आहे, आणि कारकून-अधिकारी वर्गाच्या रोजच्या वापरांत झिजलेला आहे. परंतु त्याच्या मागें जो इतिहास आहे तो झामाच्या कित्येक चकचकीत गाड्यांच्या मागें नसेल.

हा इतिहास १९३५-३६ पासून सुरू होतो. त्या सुमारास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं हिंदुस्थानांत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली आणि तिच्यासाठीं युरोप-अमेरिकेंतील कारखाने पाहून ते परत आले. मूळचे सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं ती योजना मनावर घेतली. १९३७ सालीं मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें, आणि त्यानें भांडवलावरील व्याजाची हमी देण्याची तयारी दाखविली. पण १९३९ सालीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व हमी कागदावरच राहिली. पुढें युद्धाच्या काळांत हिंदुस्थान सरकारनेंहि या उद्योगाला हात दिला नाहीं. शिवडीस १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी परदेशांतून आलेले भाग जोडून गाड्या विकीत होती, आणि सरकारला तेवढें पुरेसें वाटत होतें.

नेमक्या याच वर्षांत जपानांत काय घडत होतें तें पाहावें. तेथेंहि फोर्डनें १९२५ सालीं योकोहामा येथें व जनरल मोटर्सनें १९२७ सालीं ओसाका येथें जोडणीचे कारखाने काढलेले होते. म्हणजे शिवडी आणि ओसाका यांची स्थिति एकच. परंतु १९३६ सालीं जपानी सरकारनें मोटार-उत्पादनाचा कायदा केला. ज्या कंपनीचें निम्म्याहून अधिक भांडवल जपानी लोकांचें असेल तिलाच मोठ्या उत्पादनाचा परवाना मिळावयाचा, असा त्याचा आशय होता. टोयोटा व निस्सान यांचे संस्थापक पुढें सरसावले, आणि १९३९ पर्यंत दोन्ही अमेरिकन कारखान्यांतलें काम थांबलें. हा कायदा लष्कराच्या गरजेपोटीं झाला, आणि त्या लष्करानें पुढें सबंध पूर्व आशियांत काय केलें हें सर्वश्रुत आहे. तेव्हां त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. येवढें मात्र खरें कीं, विश्वेश्वरय्या जें सरकारदरबारीं मागत होते, तें तिकडे सरकारनें आपण होऊन दिलें.

वालचंदांनीं अमेरिकेस जाऊन क्रायस्लर कंपनीशीं करार केला, आणि अखेर १९४४ सालीं 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली. १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व डीसोटो या गाड्या बाहेर पडूं लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचें धोरण पालटलें. १९४९ सालीं तयार गाड्यांची आयात बंद झाली; १९५३ सालीं जकात मंडळानें असा सल्ला दिला कीं, ज्यांना गाड्या येथेंच क्रमाक्रमानें बनवावयाच्या असतील त्यांनींच या धंद्यांत राहावें. दुसऱ्याच वर्षीं शिवडीचा अमेरिकन कारखाना बंद झाला.

आतां या हकीकतींतील सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट येते. १९५०-५२ च्या सुमारास कुर्ला आणि योकोहामा या दोन्ही ठिकाणीं एकच प्रकार घडला. कुर्ल्याच्या कंपनीनें इटलीच्या फियाटशीं करार केला व १९५४ पासून 'फियाट ११००' बनविण्यास आरंभ केला. निस्साननें १९५२ च्या डिसेंबरांत इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशीं करार केला व तिची गाडी जपानांत जोडण्यास घेतली. दोघेहि विद्यार्थी, दोघांनींहि परदेशी गुरु केला. पण जपानी विद्यार्थ्यानें १९५६ पर्यंत ऑस्टिनचे सर्व भाग आपल्या देशांत बनवून दाखविले, करार संपत आला तसा गुरूचा निरोप घेतला, आणि आपली स्वतःची गाडी काढली. १९६६ सालीं 'सनी' ही लहान गाडी बाजारांत आली. तिचें नांव ठेवण्यासाठीं लोकांकडून सूचना मागविल्या तेव्हां ऐंशी लाखांवर पत्रें आलीं! या सनीसाठीं बनविलेल्या एंजिनाचा मोठा भाऊ १९७० सालीं तयार झाला. चार सिलिंडरें, प्रत्येकाचा व्यास ७३ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७० मिलिमीटर, एकूण आकारमान ११७१ घनसेंटिमीटर. हेंच तें ए-१२ नांवाचें एंजिन.

कुर्ल्याचा विद्यार्थी मात्र पहिल्याच धड्यावर अडकला. फियाटचें १९६४ सालचें रूप थोड्याफार फरकानें शतकाच्या अखेरीपर्यंत चाललें; मध्यंतरीं तिचें नांव 'प्रीमियर प्रेसिडेंट' व १९७४ पासून 'पद्मिनी' झालें, येवढेंच. याचा सगळा दोष कारखान्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. किती गाड्या बनवाव्या याचा परवाना दिल्लीहून मिळे. यंत्रसामग्रीसाठीं लागणारें परकीय चलन मोजून मिळे. आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षें रांगेंत उभें असे. ज्या दुकानापुढची रांग कधीं सरत नाहीं, त्या दुकानदाराला नवा माल आणण्याची बुद्धि व्हावी कशी? येथें प्रीमियरची कड घेणारे आणि तिला दोष देणारे असे दोन पक्ष आजहि आहेत. परंतु रांगेचा दोष रांग लावणाऱ्या धोरणाकडे अधिक जातो, असेंच म्हणावें लागतें.

१४ डिसेंबर १९८३ या दिवशीं दिल्लींत पहिल्या मारुति गाडीची किल्ली तिच्या मालकाच्या हातीं पडली, आणि ती रांग हलली. सुझुकीच्या तीन सिलिंडरांच्या त्या चिमुकल्या गाडीनें दाखवून दिलें कीं, मोटार पहांटे थंडींत पहिल्या फेऱ्यास सुरू होऊं शकते. त्याच काळांत टोयोटा, माझदा, मित्सुबिशी आणि निस्सान यांचे लहान मालमोटारींचे कारखाने हिंदी भागीदारांसह देशांत निघाले. प्रीमियरनें स्पेनमधील सेआत कंपनीकडून फियाट १२४ च्या शरीराचे सांचे घेतले, निस्सानकडून ए-१२ एंजिन व गिअरबॉक्स घेतला, आणि १९८५ सालीं ११८ एन. ई. बाजारांत आणली. फियाट १२४ ही मूळची १९६६ सालची, म्हणजे पहिल्या सनीच्याच वयाची. वालचंदांच्या स्वप्नांतून निघालेली कंपनी अशा रीतीनें आपल्या जुन्या सहाध्यायाकडे शिकवणीस गेली. आणि तोंपर्यंत हें एंजिनहि जपानांत जुनें झालेलें होतें! तरी रस्त्यावर तें पद्मिनीहून हलकें पळे, कमी कुरकुरे, आणि हांकणाऱ्याला एक नवी ऐट देई. ज्यांच्याकडे ती गाडी होती त्यांपैकीं पुष्कळांना तिचा आवाज अजून ओळखतां येतो.

कारखाना आतां नाहीं. कुर्ल्याच्या त्या जागेवर उंच इमारती उभ्या आहेत, आणि 'प्रीमियर रोड' हें नांव तेवढें मागें राहिलें आहे. पद्मिनीला निदान मुंबईकरांचें प्रेम लाभलें. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमानें ऑक्टोबर १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहावे तसे लेख लिहिले. ११८ एन. ई. च्या नशिबीं तें नव्हतें. ती टॅक्सी म्हणून पद्मिनीइतकी मिरवली नाहीं, आणि राजेरजवाड्यांच्या गाड्यांच्या पंक्तींतहि तिला पाट नाहीं.

अशी गाडी पुन्हां उभी करणें हें काम वरवर दिसतें तसें नाहीं. हिला निराळा सांगाडा नाहीं. पत्रा हाच सांगाडा. त्यामुळें दाराखालची पोकळ कड आणि जमिनीचा पत्रा कुजला, तर गाडीचें बळच जातें. कोंकणपट्टीचा पाऊस आणि ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा यांचें काम तेथूनच सुरू होतें. पुढच्या कांचेचें रबर वाळलें कीं पाणी आंत झिरपतें, पायाखालच्या जाड आच्छादनांत मुरतें आणि उन्हाळ्यापर्यंत तेथेंच राहतें. घाईचा मिस्त्री भोंकांवर लांबी भरून वरून रंग देतो. दोन पावसाळ्यांनीं रंगाला फोड येतात. हौशी मालक असेल तर तो कुजका पत्रा कापून काढतो, त्याच जाडीचा नवा पत्रा हातानें वळवून जोडून घेतो, आणि पोकळींत मेणासारखें गंजरोधक सोडतो. याला महिने लागतात.

गंमत अशी कीं, परदेशी हृदयापेक्षां हें बाहेरचें शरीरच अधिक छळतें. ए-१२ एंजिन जगभर पसरलेलें असल्यामुळें त्याच्या रिंगा, बेअरिंगें व गास्केटें आजहि मागवून मिळूं शकतात. सिलिंडर पुन्हां घासून घेणारे कारागीरहि मुंबईंत व ठाण्याच्या पट्ट्यांत आहेत. मागच्या दिव्याची लाल कांच, दाराची मूठ किंवा मीटरपाटी मात्र मिळत नाहीं, कारण त्या वस्तु फक्त येथल्याच गाडीसाठीं बनलेल्या. त्या मोडीच्या बाजारांत दुसऱ्या मेलेल्या गाडीवरूनच काढाव्या लागतात. त्यांत नवी अडचण इंधनाची. २०२५ पासून पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल सर्रास येऊं लागलें. जुन्या रबरी नळ्या व कार्बुरेटरांतील पापुद्रे त्यानें फुगतात, म्हणून तीं सर्व बदलून घेणें भाग पडतें.

आणि कायदा? जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पुरातन वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या गाडीला नंबरांत 'व्ही. ए.' अक्षरें मिळतात. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. पण अट अशी कीं, गाडी मूळ रूपांत असावी. सांगाडा, शरीर किंवा एंजिन यांत फेरफार झालेला नसावा. येथेंच ११८ एन. ई. ची खरी परीक्षा आहे. काटकसरीसाठीं ज्यांनीं जपानी एंजिन काढून दुसरें डिझेल एंजिन बसविलें, त्यांची गाडी चालेल, पण ती पुरातन म्हणून मान्य होणें कठीण. ज्या अक्षरांनीं ती ओळखली जाते तींच तिच्यांतून गेलेलीं असतील.

थोडा हिशेब मांडून पाहावा. १९८६ सालीं नोंदलेली गाडी घेतली, तर पहिली पंधरा वर्षांची मुदत २००१ सालीं संपली. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी, नूतनीकरण व राज्याचा पर्यावरण-कर. नूतनीकरणाचें शुल्क पूर्वीं सहाशें रुपये होतें. तें १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींसाठीं दहा हजार ठरलें. पन्नास वर्षें पुरीं होतील तीं २०३६ सालीं. तोंपर्यंत परिवहन कार्यालयांत २०२६ व २०३१ अशा दोन खेपा आहेत. त्या दोन्ही खेपांना मोडीवाला ताडपत्रीजवळ येऊन भाव सांगून जाईल, आणि घरांतील मंडळी मालकाच्या तोंडाकडे पाहतील.