स्टेशन, ठाणे, स्थानक : उत्तर कोकणातील एका शब्दाचा प्रवास

इंग्रजीतील ‘स्टेशन’ हा शब्द रेल्वे, पोलीस, भूमापन, वीज, नभोवाणी आणि धर्मविधी अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांत वापरला जातो, आणि प्रत्येक क्षेत्र त्याला आपापला अर्थ देते. उभे राहणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला असून संस्कृतातील ‘स्था’ हा धातूही त्याच इंडो-युरोपीय मुळाचा आहे. त्यामुळे हा शब्द कोकणात उतरला तेव्हा ‘स्थान’, ‘ठाण’, ‘ठाणे’ हे त्याचे दूरचे आप्त तेथे आधीपासून नांदत होते, आणि एका शहराने तर त्यांपैकी एक आपले नाव म्हणूनच धारण केला होता.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्यात सापडलेला, राजा अरिकेसरी याचा शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ मधील ताम्रपट हा या नावाचा ठळक पुरावा होय. पुढे मराठी राज्यव्यवहारात ‘ठाणे’ या शब्दाला नेमका प्रशासकीय अर्थ आला : जेथे शिबंदी बसवून भोवतालच्या मुलखावर अंमल चालवला जातो ते ठिकाण म्हणजे ठाणे, आणि तेथील अधिकारी तो ठाणेदार. ‘ठाणे बसवणे’ आणि ‘ठाण मांडणे’ या वाक्प्रचारांत स्थिर होण्याइतकाच हुकमत गाजवण्याचाही भाव आहे, तो यामुळेच.

इंग्रजी अमलात ‘स्टेशन’ हा शब्द एकदम न येता निरनिराळ्या खात्यांबरोबर सुटासुटा आला. मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती म्हणजे ‘सिव्हिल स्टेशन’, आणि उन्हाळ्यात त्यांनी जाऊन राहायचे डोंगरावरचे ठिकाण म्हणजे ‘हिल स्टेशन’. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान हेरले ते याच प्रघाताला धरून. भूमापकाचे स्टेशन मात्र वस्तीचे नव्हे, तर बिंदूचे नाव होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय मोजणीत थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र दगडावर कोरलेल्या खुणेच्या बरोबर वर, ओळंबा लावून उभे करीत, आणि ती खूण हेच स्टेशन मानले जाई. ख्रिस्ती उपासनेत हा शब्द त्याहून जुना आहे, कारण उपवासकाळातील क्रुसाच्या वाटेवर प्रार्थनेसाठी जे चौदा थांबे घेतात त्यांनाही इंग्रजीत स्टेशनच म्हणतात.

सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द बसवला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी निघालेली चौदा डब्यांची गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला पोहोचली, आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. रेल्वेच्या परिभाषेत स्टेशन म्हणजे केवळ फलाट नव्हे. जेथे वाहतुकीचा व्यवहार होतो किंवा जेथून गाडीला पुढे जाण्याची अधिकृत मुभा मिळते, अशी मार्गावरील कोणतीही जागा म्हणजे स्टेशन. प्रवाशाला या व्याख्येशी कर्तव्य नव्हते. त्याने ‘टेसन’, ‘ठेसन’ असे करीत शब्द आपल्या जिभेला वळवून घेतला, आणि आजही ठाणे, डोंबिवली वा कल्याण येथे विशेषण न लावता ‘स्टेशनला जातो’ म्हटले की रेल्वेचेच स्टेशन समजले जाते.

पोलिसांच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस स्टेशनच्या व्याख्येत चौकीच्या जागेबरोबर तिच्याकडे नेमून दिलेल्या हद्दीचाही समावेश केला होता. जागा आणि हद्द यांची ही जोडी जुन्या मराठी ठाण्याशी तंतोतंत जुळत असल्याने ‘पोलीस ठाणे’ हा पर्याय सहज रुजला. ‘ठाणे नगर पोलीस ठाणे’ या नावात एकच शब्द दोनदा येतो, पहिल्यांदा शहर म्हणून आणि दुसऱ्यांदा अधिकारक्षेत्र म्हणून, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

विसाव्या शतकात आलेल्या अर्थांना मराठीने तिसरी वाट दिली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झालेले नभोवाणीचे स्टेशन असो किंवा रेल्वेला वीज पुरवण्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे उभारलेले वीजघर असो, तेथे कोणी येऊन थांबत नाही, उलट तेथून काहीतरी दूरवर पाठवले जाते. म्हणून लेखी मराठीत ‘आकाशवाणी केंद्र’, ‘वीजनिर्मिती केंद्र’ आणि ‘अग्निशमन केंद्र’ हे शब्द रूढ झाले, तर हिल स्टेशनसाठी ‘थंड हवेचे ठिकाण’ पुरेसे ठरले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने राज्यकारभाराच्या परिभाषेचे काम हाती घेतले आणि असे पर्याय सरकारी लेखनात स्थिरावत गेले.

बोलीभाषा मात्र या वाटणीला बांधील राहिली नाही, हे ठाण्यातील खोपट येथे पाहता येते. खोपट म्हणजे गवताची लहान झोपडी. त्या नावाच्या या भागाची आजची ओळख राज्य परिवहनाच्या गाड्यांमुळे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीच्या लेखी व्यवहारात अशा जागेला ‘बस स्थानक’ म्हणतात. प्रवासी तिला ‘एसटी स्टँड’ म्हणतो, आणि ‘स्टेशन’ हे नाव तिला कधीच देत नाही, कारण ते रेल्वेने आधीच अडवले आहे. ‘स्थानक’ आणि ‘स्टँड’ हे दोन्ही शब्दही अखेर उभे राहण्याच्या त्याच मुळाचे आहेत.

इंग्रजीने एका शब्दावर जेवढे अर्थ लादले तेवढे मराठीने कामाच्या स्वरूपानुसार वाटून दिले : ये-जा असेल तेथे स्थानक, अंमल असेल तेथे ठाणे, प्रसार किंवा पुरवठा असेल तेथे केंद्र. ही विभागणी अजूनही काम करते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेसाठी नवा शब्द हवा होता तेव्हा ‘अंतराळ केंद्र’ हे नाव तळावरील संस्थेकडे राहिले आणि जेथे माणसे जातात, राहतात व परत येतात त्या यानाला ‘अंतराळ स्थानक’ म्हटले गेले. जागा क्षणभरही स्थिर नसली तरी ये-जा आहे, एवढा निकष मराठीला पुरला.