गावापर्यंत गेलेले ग्रंथालय : बडोदे संस्थानातील एका प्रयोगाचा इतिहास

#थ्रेड

१/ साधारण ११० वर्षांपूर्वी बडोदे संस्थानातील एखाद्या खेड्यात अधूनमधून एक भक्कम लाकडी पेटी येऊन पोहोचत असे. तीत स्थूलमानाने पंधरा ते तीस पुस्तके असत. ती वाचण्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नसत. पेटी नेण्या-आणण्याचा खर्चही दरबारच सोसत असे. वाचन संपले की पेटी परत जाई आणि तिच्या जागी दुसरी येई. या पेटीमागे ग्रंथालयाविषयीचा एक नवा विचार होता. त्याचा हा इतिहास.

२/ ग्रंथालये त्यापूर्वीही होतीच. मराठी मुलखात रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) आणि पुणे (१८४८) येथे सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली होती. पुण्यातील संस्थेमागे लोकहितवादींचा पुढाकार होता. परंतु या संस्थांचा डोलारा मुख्यतः वर्गणीवर उभा असे. साहजिकच त्यांचा वाचक म्हणजे सरकारी नोकर, वकील, शिक्षक आणि शहरातील सुशिक्षित वर्ग. शेतकरी किंवा कारागीर तेथे क्वचितच पोहोचे.

३/ बडोद्याचा विचार ज्या राजाने केला त्याचे बालपणही खेड्यातच गेले होते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे झाला. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते. त्यांचे रीतसर शिक्षण त्यानंतरच सुरू झाले. अक्षरओळख उशिरा होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

४/ १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधेयक मांडले ते त्यानंतर, १९११ मध्ये, आणि तेही संमत झाले नाही. बडोदे त्या बाबतीत बरेच पुढे होते.

५/ पण या यशातूनच एक नवी अडचण उभी राहिली. मूल चार-पाच इयत्ता शिके, शाळा सोडे आणि शेतावर जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरे पुसली जात. शाळेवर झालेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेनंतर वाचायला काहीतरी हाताशी हवे. बडोद्याच्या ग्रंथालय योजनेचे मूळ कारण हे होते.

६/ याचे उत्तर प्रथम दरबारातून आले नाही, ते एका शिक्षकाकडून आले. चरोतर भागातील वसो गावचे मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळाच्या माध्यमातून गावोगावी छोटी वाचनालये सुरू केली होती. १९०६ च्या सुमारास दरबारनेही ग्राम-वाचनालयांना साहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले. पुढे मोतीभाई स्वतः संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात काम करू लागले. लोकांनी रुजवलेल्या रोपाला राज्याने पाणी घातले, असा हा क्रम आहे.

७/ अमेरिकेच्या दौऱ्यांत सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन हे कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. त्यांनी बोस्टनमध्ये चार्ल्स कटर या नामवंत ग्रंथपालाच्या हाताखाली काम केले होते. बडोद्यात ते तीन वर्षे राहिले. तेवढ्या अवधीत त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले.

८/ या खात्याची पहिली मोठी संस्था म्हणजे बडोदे शहरातील मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीरावांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह त्यासाठी देऊन टाकला. ज्या कपाटांपर्यंत कालपर्यंत मोजक्या लोकांचा हात पोहोचत होता, ती आता वाचकांसाठी विनाशुल्क खुली झाली. पुढे मांडवी भागात उभारलेल्या इमारतीत पोलादी मांडण्या आणि काचेची तक्तपोशी बसवण्यात आली. वरच्या मजल्यावरचा प्रकाश खालपर्यंत झिरपावा आणि आगीचे भय कमी व्हावे, हा त्यामागचा हेतू.

९/ मात्र बडोद्याचे खरे वैशिष्ट्य त्या इमारतीत नव्हते. ते जमाखर्चाच्या एका साध्या सूत्रात होते. गावाने वर्षाला जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच दरबारने. याला मर्यादाही ठरलेली होती : खेड्यासाठी १०० रुपये, कसब्यासाठी ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये. इमारत बांधायची असेल, तरी खर्चाची वाटणी अशीच तीन हिश्श्यांत होई.

१०/ या त्रिभागणीचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. दरबारकडे पैसा होता, सगळा खर्च उचलणे त्याला अशक्य नव्हते. पण वरून आलेली वस्तू ‘सरकारची’ राहते, स्वतःचा रुपया घातलेली वस्तू ‘आपली’ होते. ज्या वाचनालयासाठी गावाने वर्गणी काढली, त्याचे दार बंद राहिले तर जाब विचारायलाही गावच पुढे येई. संस्थानातील लहान-मोठ्या वाचनालयांची संख्या शेकड्यांत गेली, त्यात या सूत्राचा वाटा मोठा आहे.

११/ पण याच सूत्रात एक उणीवही होती. ज्या गावाला पहिला हिस्साच उभा करता येत नाही, त्याचे काय? गरीब गाव कोरडेच राहणार. आरंभी उल्लेखलेली लाकडी पेटी नेमकी या ठिकाणी उपयोगी पडे. फिरत्या ग्रंथालयाच्या या पेट्यांसाठी गावाकडे ना इमारत लागे, ना निधी. पुस्तके सांभाळणारा एक जबाबदार माणूस पुरे. बहुधा हे काम शाळामास्तरांकडे जाई.

१२/ आणि ज्याला वाचताच येत नाही, त्याचे काय? संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे २० लाख होती आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यात दृश्य-शिक्षणाची स्वतंत्र शाखा काढण्यात आली. जादूचे कंदील, स्टिरिओस्कोप आणि सिनेमा यांचे मोफत खेळ ती गावोगाव करी. पुस्तके देणाऱ्या खात्याने पडद्यावर चित्रे दाखवावीत, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. पण ज्ञान पोहोचवणे हे काम मानले, तर पुस्तक हे त्याचे एक साधन ठरते.

१३/ मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र दालने होती. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. मुलांनी ग्रंथालयात येऊन खेळावे, ही कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. बडोद्यात ती शतकापूर्वी प्रत्यक्षात होती.

१४/ माणसे तयार केल्याशिवाय कपाटे निरुपयोगी, हे बॉर्डन जाणून होते. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असा वर्ग निघाला तो १९१५ मध्ये. १९१२ पासून बडोद्यातून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग होते. ग्रंथालयशास्त्रावरील मराठी लेखनाच्या आरंभकाळाचा शोध घेणाऱ्याला बडोद्याकडे वळावेच लागते.

१५/ वाचनालय उघडले, पण त्यात लोकभाषेतील पुस्तके कोठून आणायची? याची तरतूदही झाली. १९१२ साली सयाजीरावांनी देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपये वेगळे काढले. त्यांतून श्रीसयाजी साहित्यमाला चालली आणि गुजराती व मराठी पुस्तके प्रसिद्ध झाली. शाळा, वाचनालय आणि प्रकाशन ही एकाच साखळीची तीन कडी होती. त्यांतील एक निखळले, तर उरलेली दोन्ही सैल पडणार होती.

१६/ येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण तो येथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तेथूनही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास एका बागेत काढले.

१७/ ज्या शहरात मोफत ग्रंथालय उभे होते, त्याच शहरात ही घटना घडली. ग्रंथालय नियमाने खुले असणे आणि प्रत्येकाला तेथे निर्धास्तपणे पाऊल टाकता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेड्यातील वाचनालय धर्मशाळेत किंवा चावडीत असेल, तर त्या जागेचा रिवाज त्यालाही चिकटणार. दरबार पेटी गावापर्यंत नेऊ शकत होता. गावातील कोणत्या घरापर्यंत ती जाईल, हे ठरवणारी सत्ता मात्र दरबाराची नव्हती. बडोद्याच्या प्रयोगाची थोरवी मान्य करतानाच ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

१८/ बॉर्डन १९१३ मध्ये परतले. त्यांच्यानंतर जनार्दन कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पुढे नेले. १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. स्वतंत्र संस्थान गेले, तसे एका सूत्रात ओवलेले हे ग्रंथालयांचे जाळेही स्वतंत्र राहिले नाही. पुढे गुजरात राज्य झाले, पण तेथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा व्हायला २००१ साल उजाडले.

१९/ महाराष्ट्राची वाट थोडी वेगळी. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. त्यानुसार स्थानिक लोकांनी संस्था स्थापावी, चालवावी आणि शासनाने तिला अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, अशी रचना आहे. आज अशी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. लोकांचा हिस्सा आणि शासनाचा हिस्सा, हे बडोद्याच्या सूत्राशी जुळणारे नाते त्यांत सहज ओळखू येते. अनुदान अपुरे पडले की सेवकांचे वेतन आणि नवी खरेदी प्रथम आटते, हेही या रचनेचेच फळ.

२०/ तरीही तालुक्याच्या गावातील वाचनालयात डोकावले, तर बडोद्याच्या त्या शाखांचे वारस दिसतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, व्याख्यानमाला, दिवाळी अंकांची योजना, उन्हाळी सुटीतील बालविभाग, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. पुस्तके देण्याघेण्यापलीकडचे हे उपक्रम म्हणजे ग्रंथालयाची शोभा नव्हे. जो वाचक आपणहून येत नाही, त्याच्याकडे जाण्याची ही रीत आहे.

२१/ नव्या काळातील लाकडी पेटी म्हणजे ऑनलाइन ग्रंथसंग्रह. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिके संगणकीय रूपात आणली आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही सर्वांसाठी खुले आहे. ज्या जुन्या पुस्तकासाठी पूर्वी पुण्या-मुंबईची खेप घालावी लागे, ते आता तालुक्याच्या गावी बसून वाचता येऊ शकते.

२२/ येऊ शकते, पण येतेच असे नाही. पेटीबरोबर ती उघडून देणारे मास्तर होते. स्कॅन केलेल्या पुस्तकाबरोबर तसे कोणी येत नाही. काय शोधावे, कोठे शोधावे, मोडी कागद कोणाकडून वाचून घ्यावा, हे दाखवणारा माणूस आजही लागतो. लहान गावात तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल. बडोद्याने पुस्तकांच्या जोडीनेच ग्रंथपालांच्या शिक्षणाची सोय केली होती, हे येथे आठवावे.

२३/ शेवटी, इतिहासप्रेमींसाठी एक काम. जुन्या वाचनालयांतील पुस्तके हळूहळू स्कॅन होत आहेत. पण त्या वाचनालयांची स्वतःची कागदपत्रे, म्हणजे सभासद नोंदवह्या, इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि देवघेवीची रजिस्टरे, बहुधा माळ्यावर वाळवीच्या तोंडी असतात. गावात कोणी काय वाचले, पहिली स्त्री सभासद कधी झाली, वर्गणी कोणाला परवडली आणि कोणाचे नाव यादीत कधीच आले नाही, याची उत्तरे त्या वह्यांतच मिळतील.

२४/ आपल्या गावातील वाचनालयाच्या फलकावर स्थापनेचे साल लिहिलेले असते. त्या सालापासून आरंभ करावा. ग्रंथपालांची परवानगी घ्यावी, वह्यांवरची धूळ हलक्या हाताने झाडावी आणि पानांची छायाचित्रे क्रमाने काढून त्यांची एक प्रत वाचनालयातच ठेवावी. माळ्यावरच्या त्या वह्यांना दुसरी प्रत नसते. (समाप्त)

#इतिहास #ग्रंथालय #बडोदे