बेने इस्रायल : वंशपरंपरा व हिब्रू धर्मवारसा

कोकण किनाऱ्यावर, मुख्यतः अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या परिसरात शतकानुशतके राहिलेला मराठी भाषक ज्यू समाज. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरे. इस्रायल हे याकोबाचे दुसरे नाव; म्हणजे समाजाचे नावच एका पूर्वजाचा निर्देश करते. त्या पूर्वजापर्यंत पोहोचणारी लिखित वंशावळ मात्र या समाजापाशी नाही. समाजाच्या इतिहासातील अनेक प्रश्न या एका उणिवेतून उद्‌भवले.

हिब्रू धर्मग्रंथांत वंशावळीला असाधारण महत्त्व आहे. ‘उत्पत्ती’ हा ग्रंथ ‘अमुकाच्या पिढ्या’ अशा मथळ्यांनी विभागलेला आहे. ‘इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील आरंभीचे नऊ अध्याय बहुतांशी नामावळीच आहेत. आजच्या वाचकास त्या कंटाळवाण्या वाटतात. परंतु जमिनीचा वाटा, याजकपद व राजपद यांचे हक्क त्यांवरच ठरत. बॅबिलोनियातील बंदिवासातून परतलेल्या काही याजक कुळांची नावे नोंदवहीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले, असे ‘एज्रा’ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. याच धर्मग्रंथांत दुसरा प्रवाहही आहे. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे परकीय स्त्री होती. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ईश्वराच्या एकत्वाची घोषणा (शमा) येते आणि तिच्या पाठोपाठ आज्ञा येते, ती हे वचन घरीदारी, उठता-बसता मुलांना शिकवण्याची. या प्रवाहात वारसा रक्ताने मिळतो तितकाच शिकवणुकीनेही मिळतो.

बेने इस्रायलांची परंपरा या दुसऱ्या प्रवाहाशी विलक्षण जुळते. अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. ग्रंथ गेले तरी सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शमाचे शब्द टिकले. तेल गाळण्याचा व्यवसाय व शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दावीद राहबी नावाच्या ज्यूने त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा स्त्रियांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढले, अशी आख्यायिका आहे. राहबीचा काळ विवाद्य आहे. कोणी तो इ. स. १००० च्या सुमाराचा मानतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. त्याने निवडलेल्या धर्मशिक्षकांना काजी म्हणत व ते पद वंशपरंपरेने चाले.

नावांतही दोन्ही वारसे दिसतात. शमुवेलाचा समाजी, यहेज्केलाचा हसाजी, अब्राहामाचा आबाजी झाला. आडनावे मात्र गावांवरून पडली : केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये, तर वल्हांडणाच्या विधीची हग्गादा १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. फळ मात्र उलट मिळाले, समाज आपल्याच ग्रंथांकडे वळला. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ आदी पूर्वजांची चरित्रे कीर्तनांतून गाइली जाऊ लागली. कीर्तनाची ही मराठी परंपरा वारकरी संप्रदाय नामदेवांशी जोडतो आणि नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे नाव परंपरेने घेतले जाते. मंगलप्रसंगी व नवस फेडताना पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात. वाडवडिलांची व मुलांची मने एकमेकांकडे वळवणारा म्हणून ‘मलाखी’ ग्रंथात ज्याचा उल्लेख येतो, तोच हा एलिया.

वंशशुद्धीच्या कल्पनेची झळ समाजाच्या अंतर्भागातही होती. मिश्र विवाहातील संततीला ‘काळे’ ठरवून ‘गोरे’ इस्रायल त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळत. हा भेद पुढे मावळला. इस्रायल राष्ट्रात स्थलांतर केल्यावर याच समाजावर तोच प्रसंग ओढवला. बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश तेथील प्रमुख धर्मपीठाने १९६२ मध्ये काढले. ज्यांनी नोंदवह्यांविना धर्म सांभाळला, त्यांच्याकडे नोंदी मागण्यात आल्या. प्रखर आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे घोषित केले आणि निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास सुमारे २०,००० असलेली समाजाची भारतातील संख्या स्थलांतरामुळे काही हजारांवर आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा अंश या समाजात आढळला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यू धर्मीयांना अल्पसंख्याक दर्जा दिला.