पाहुणा डीजे, घरचा डीजे

महाराष्ट्रात 'डीजे' म्हटलं की विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. या लेखातला डीजे म्हणजे माणूस: क्लबमध्ये रात्रभर गाण्याला गाणं जोडत लोकांना नाचवणारा, आणि त्यासाठी गावोगाव फिरणारा. या धंद्यातली पहिली जागतिक पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. कार्ल कॉक्स १९६२चा. पॉल ओकनफोल्ड आणि फॅटबॉय स्लिम या नावाने वाजवणारा नॉर्मन कुक, दोघंही १९६३चे. तरुणांच्या रात्रीवर उभं असलेलं हे काम वय झाल्यावर करायचं कसं? सिंगापूर हे अशा दौऱ्यांचं जुनं ठाणं, म्हणून तिथून याचं उत्तर शोधू.

१९९१ साली लिंकन चेंग यांनी जियाक किम स्ट्रीटवर, नदीकाठच्या जुन्या गोदामांमध्ये झूक हा क्लब सुरू केला. युरोपात तेव्हा हाउस संगीताची लाट होती आणि झूकने ती इथे आणली. २०००पासून सेंटोसाच्या किनाऱ्यावर झूकआउट हा महोत्सवही सुरू झाला. सिंगापूरचं सरकार मात्र सावध होतं. बारच्या काउंटरवर चढून नाचायला इथे २००३ साली परवानगी मिळाली!

पाहुण्या डीजेला सिंगापूर सोयीचं पडायचं, त्याचं कारण नकाशात आहे. लंडनहून ऑस्ट्रेलियाला जाताना हे शहर वाटेत लागतं. आपल्याकडे नाटक कंपन्या एका गावच्या प्रयोगासाठी निघाल्या की वाटेतल्या गावांच्याही सुपाऱ्या घ्यायच्या, कारण त्याशिवाय प्रवासाचा खर्च निघत नसे. इथेही तोच हिशोब. शुक्रवारी एक शहर, शनिवारी दुसरं, आणि मधला वेळ विमानात.

वय पहिल्यांदा जाणवतं ते या मधल्या वेळात. लंडन ते सिंगापूर साधारण तेरा तास. हिवाळ्यात घड्याळ आठ तास पुढे. म्हणजे इथे पहाटे तीनला सेट संपतो तेव्हा लंडनहून नुकत्याच आलेल्या माणसाच्या शरीरात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. झोप यायला लागते तेव्हा पुढच्या विमानाची वेळ झालेली असते. पंचविशीत हे खपून जातं, पन्नाशीत त्याची भरपाई करायला दिवस लागतात.

पाठीचा प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवला. पूर्वी डीजे रेकॉर्डच्या जड पेट्या घेऊन फिरायचे. २००१ साली पायोनियरचा सीडीजे-१००० आला, मग २००९च्या सीडीजे-२०००मध्ये यूएसबी लावायची सोय झाली, आणि अख्खा संग्रह खिशात मावू लागला. कानांसाठी असा शोध लागलेला नाही. सिंगापूरच्या नियमांत कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. सेट दोन तासांचा असतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि जुन्या डीजेंच्या तरुणपणी इअरप्लग वापरायची फारशी पद्धतही नव्हती.

मग जे टिकले त्यांनी काय केलं? अनेकांनी फिरणं कमी केलं आणि एका जागी राहणं वाढवलं. कॉक्सने २००१ ते २०१६ दर उन्हाळ्यात इबिझाच्या स्पेस क्लबमध्ये साप्ताहिक रात्र चालवली. गावोगाव जाण्याऐवजी लोक त्याच्याकडे येऊ लागले. उलट उदाहरण अविचीचं. त्याने २०१६ साली, २६व्या वर्षी, तब्येतीमुळे दौरे थांबवले, आणि २०१८मध्ये तो गेला. दौरा माणसाला झिजवतो, मग तो कितीही तरुण असो.

वय श्रोत्यांचंही होतं. झूकच्या बुधवारच्या 'माम्बो जाम्बो' रात्री ऐंशीच्या दशकातली गाणी लागायची, आणि लोक ठरलेल्या हातवाऱ्यांसह नाचायचे. असा प्रेक्षक ज्येष्ठ डीजेला काम देतो, पण नवं काही वाजवू देत नाही. मराठी रंगभूमीला हा पेच जुना आहे. बालगंधर्वांनी १९३५ साली, ४७व्या वर्षी, 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केली. पण पुढे ते पुन्हा रंगमंचाकडे आणि स्त्रीभूमिकांकडे वळले, कारण लोकांना तेच बालगंधर्व हवे होते. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे थांबणंही परवडत नव्हतं.

इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि तो पाहुण्यापेक्षा घरच्या डीजेला जास्त बोचतो. ऑल्ड्रिन, जेरेमी बून, ब्रेंडन पी अशा स्थानिक डीजेंनी झूकचा आवाज घडवला. आठवड्यामागून आठवडे तोच फ्लोअर, त्यामुळे लोकांच्या आवडीचा अंदाज त्यांना जास्त. प्रवास नाही, झोप बरी. पण शहरच बंद पडलं तर? २६ मार्च २०२०च्या रात्री सिंगापूरचे बार आणि क्लब बंद झाले. नाइटक्लब पूर्णपणे उघडले ते १९ एप्रिल २०२२ला. मधल्या काळात झूकमध्ये व्यायामाच्या सायकलींचे वर्ग भरले, सिनेमे दाखवले गेले. क्लबने जागेचा दुसरा उपयोग शोधला. पंचेचाळिशीच्या डीजेने स्वतःचा दुसरा उपयोग कुठे शोधायचा?

सिंगापूरमध्ये नागरिक किंवा पीआर असलेल्या ५५ वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या सीपीएफ खात्यात पगाराच्या ३७ टक्क्यांपर्यंत रक्कम जाते, त्यातले १७ मालकाचे. सुपारीवर वाजवणाऱ्या डीजेला मालक नसतो. स्वयंरोजगार म्हणून त्याला ठरावीक उत्पन्नाच्या वर फक्त मेडिसेव्ह, म्हणजे दवाखान्याचा हिस्सा, भरावा लागतो. निवृत्तीसाठीचं बाकी सगळं ऐच्छिक. २०२५पासून टॅक्सी-ॲपचे काही चालक आणि काही डिलिव्हरीवाले यांच्यासाठी ॲप कंपन्यांनाही नोकरी देणाऱ्या मालकासारखा सीपीएफ-हिस्सा द्यावा लागतो. रात्री वाजवणारे त्या कायद्यात नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या पोस्टरवर साठीतल्या डीजेचं नाव दिसलं, तर 'अजून दम आहे' इतकंच म्हणून सोडू नका. त्याच्याकडे नकार देण्याइतके पैसे साठले, म्हणून तो इथवर आलाय. त्याच रात्री त्याच्या आधी दहा ते बारा वाजवणारा स्थानिक माणूस कदाचित पन्नाशीचा असेल. सुपाऱ्या नाकारणं त्याला अजून परवडत नसेल. त्याचा सेट ऐकायला वेळेवर जा.