घाटाखालचा रविवार

आज मला आपल्याशीं रविवाराविषयीं बोलावयाचें आहे. रविवार म्हणजे उशिरां उठावयाचें, सावकाश न्हावयाचें आणि दुपारीं झोप काढावयाची, एवढाच त्याचा अर्थ आपल्या शहरांतील घरांत उरला आहे. माझ्या मनांतही बरींच वर्षें याहून निराळा अर्थ नव्हता. तो कळावयास मला एका विद्यार्थ्यावर अन्याय करावा लागला, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

मी तेव्हां नुकताच शिक्षक झालों होतों. सातवीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली, आणि मीं रविवारीं सकाळीं गणिताचे जादा तास ठेविले. एक मुलगा ओळीनें तीन रविवार आला नाहीं. गणितांत तो कच्चा. मला तो आळस वाटला. चौथ्या सोमवारीं मीं त्याला सर्वांदेखत वर्गाबाहेर उभें केलें. त्यानें तोंडांतून शब्द काढिला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. रेल्वेच्या रुळांवर काम करणारे ते गृहस्थ. हात जोडून म्हणाले, “गुरुजी, त्याचें चुकलें असेल तर शिक्षा करा. पण रविवारीं सकाळीं आमच्या उपासनेला पेटी तोच वाजवितो. तो नसला तर गाणें उभें राहत नाहीं. आपण एकदां येऊन पाहावें.” मी ओशाळलों. जादा तास शनिवारीं दुपारीं नेले, आणि पुढल्या रविवारीं खरोखरच गेलों.

काय पाहिलें तें सांगण्याआधीं, हा वार आमच्या कर्जत-खालापूर भागांत आला कसा हें सांगितलें पाहिजे. आठवड्याचे वार आम्हांला नवे नव्हते. पण ते बाजाराचे, देवाचे आणि उपासाचे वार. रविवार हा तर खंडोबाचा. सर्वांनीं मिळून हातांतलें काम खालीं ठेवण्याचा एक ठरलेला वार मात्र आमच्या कुणब्याला किंवा ठाकराला ठाऊक नव्हता. त्याचें काम पावसाच्या नक्षत्रांवर चाले.

मग आगगाडी आली. मुंबईहून ठाण्यापर्यंत ती १८५३ सालीं धांवली, आणि १८५६ सालीं आमच्या खोपोलीस येऊन थांबली; पुढें सह्याद्रीची भिंत होती. बोरघाट फोडण्याचें काम त्याच वर्षीं सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत पुरें झालें. १८६१ च्या सुमारास या एका घाटावर एकाच वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीनें आणि तापानें किती गेले याची मोजदाद काळजाला चरा पाडणारी आहे. या रेल्वेबरोबर, आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर, साहेबाचा रविवार आमच्या दारांत आला. गिरणीकामगारांना मात्र तो आयता मिळाला नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपल्या खंडोबाचा वार म्हणूनही रविवारच हवा, अशी जोड लोखंड्यांनीं या मागणीला दिली होती असें सांगतात. एकाच वारावर दोन देवांनीं हक्क सांगावा आणि त्यांतून मजुराला विसांवा मिळावा, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

साहेबाचा रविवार कसा होता याची खूण आमच्याच तालुक्यांत उभी आहे. माथेरान कर्जत तालुक्यांत मोडतें. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यांत खालापुराकडील चौक गांवीं उतरले होते. तेथून ते हा डोंगर चढून गेले आणि माथेरानचें भाग्य उघडलें. तेव्हां हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. पुढें तो कुलाब्यांत आला, आणि कुलाब्याचें नांव रायगड झालें. थोड्याच वर्षांत डोंगरावर बंगले उठले, आणि बंगल्यांमागोमाग सेंट पॉलचें दगडी देऊळ. तेथील उपासना इंग्रजींत, आणि मंडळी उन्हाळ्यापुरती मुंबईहून आलेली. पाऊस पडूं लागला कीं बंगल्यांना कुलपें आणि देवळालाही कुलूप. इमारत सुरेख आहे. मीं मुलांच्या सहलींत ती अनेकदां पाहिली. पण ती पाहतांना मला नेहमी वाटे, येथें कोणाचें बारसें, कोणाचें लग्न, कोणाचें दुखणें सांचून राहिलेलें नाहीं. ज्यांनीं बांधिली ते येथले रहिवासी नव्हते.

दुसरा रविवार मराठी होता, आणि तो बिनइमारतीचा होता. त्याची वाट लांबून आली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे दोघे पाद्री १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. स्कॉटिश मिशनच्या लोकांनीं १८२३ सालीं आपल्या कोंकणांतच, बाणकोटास, पहिलें बिऱ्हाड केलें. हॉलसाहेब १८२६ सालीं नाशिककडील फिरतींत पटकीनें वारले. त्याच वर्षीं अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला. भाषेचा शिक्षक या नात्यानें मला या भाषांतरकारांच्या एका निवडीचें कौतुक वाटतें. इंग्रजींत ‘चर्च’ म्हणजे इमारतही आणि माणसेंही. मराठींत त्यांनीं माणसांसाठीं शब्द घेतला तो ‘मंडळी’. जेवावयास बसा मंडळी, उठा मंडळी, तोच हा शब्द. इमारतीला ‘देऊळ’ म्हणा, ‘उपासनामंदिर’ म्हणा. मंडळी ती मंडळीच. लहान गांवच्या ख्रिस्ती जीवनाचा अर्धा इतिहास मला या एका शब्दांत दिसतो, कारण तेथें बहुधा देऊळ नसतेंच, मंडळी मात्र असते.

गाण्याचें तसें जमलें नाहीं. आरंभींचीं मराठी गीतें इंग्रजी चालींवर बेतलेलीं. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ विलायती चालींत कोंबले म्हणजे शब्दाचे हातपाय कसे मोडतात, हें ज्यानें मुलांकडून कविता म्हणवून घेतली आहे त्याला सांगावयास नको. गंमत अशी, कीं हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर त्याआधीं दोनशें वर्षें सुटला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापून काढिलें तें ओवींत. आणि तें तेथील देवळांतून रविवारीं व सणावारीं वाचून दाखवीत. नव्या मिशनऱ्यांना हा वारसा मिळालेला नव्हता. तो अहमदनगराकडील ख्रिस्ती मंडळींनीं आपल्या परीनें पुन्हां शोधून काढिला. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं कीर्तनाचा सांचा उचलिला, आणि पूर्वरंग-उत्तररंगांतून बायबलांतील कथा सांगावयास आरंभ केला. श्रोते जमूं लागले.

आणि मग नारायण वामन टिळक आले. यांची कथाही आगगाडींतच सुरू होते. नागपुराहून राजनांदगांवास जातांना डब्यांतील एका अनोळखी परदेशी गृहस्थानें त्यांच्या हातांत नवा करार ठेविला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायीं लक्ष्मीबाईंना आणि मुलाला काय सोसावें लागलें हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या घरांत मीं सांगणें नको. मला येथें सांगावयाचें तें एवढेंच, कीं तुकाराममहाराजांच्या अभंगांनींच आपल्याला ख्रिस्तापाशीं आणून सोडलें असें म्हणणारा हा कवि उपासनेला टाळ-एकतारीच्या वाटेनें घेऊन गेला. १९१९ सालीं टिळक गेले, तेव्हां त्यांचीं गीतें गांवोगांवच्या मंडळ्यांत तोंडपाठ झालेलीं होतीं. ‘उपासना संगीत’ हें मराठी मंडळ्यांचें गीतांचें पुस्तक. टिळकांच्या गीतांवांचून त्याची कल्पनाच करवत नाहीं.

मी त्या रविवारीं गेलों, तेव्हां तें पुस्तक मला पहिल्यानें दिसलें. भाड्याची एक लांबट खोली. दारांत चपला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, आणि मधल्या सतरंजीवर मुलें. सगळीं मिळून पंचवीस-तीस माणसें. मुलांची शब्बाथ शाळा आधींच होऊन गेली होती आणि एक चिमुरडी आपलें सुवर्णवचन विसरूं नये म्हणून पुटपुटत होती. पाळकांकडे तीन-चार गांवच्या मंडळ्या, म्हणून ते महिन्यांतून दोनदांच येत. त्या दिवशीं उपासना चालविली एका कारकुनानें. गीत, शास्त्रवाचन, पुन्हां गीत, मग प्रार्थना. माझा विद्यार्थी पेटीवर होता. वर्गांत बेरीज चुकणारा तो मुलगा येथें सुराला चुकत नव्हता. म्हाताऱ्या बायांचा आवाज वर चढला कीं तोही पट्टी सांभाळून घेई. मला माझ्या शिक्षेची शरम पुन्हां वाटली.

प्रार्थनेनें मात्र मला चकित केलें. माझी अपेक्षा पुस्तकी भाषेची. त्या गृहस्थांनीं नांवें घेतलीं. कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले होते, कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीच्या शोधांत होता, कोणाच्या शेतांत आवण करपत होतें. पावसासाठीं मागणें झालें तें सगळ्या गांवासाठीं. शेवटीं प्रभूची प्रार्थना सर्वांनीं एकदम म्हटली. पुढें उपदेश, दानाची थैली आणि आशीर्वाद. दीड तासांत सारें आटोपलें, आणि खरें काम त्यानंतर चहाच्या पेल्यांवर सुरू झालें. इस्पितळांत कोणी कधीं जावयाचें, बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरीं, भगिनी मंडळाची वर्गणी कोणाकडे राहिली, हें सारें तेथें उभ्याउभ्या ठरलें. नाताळांत घरोघर गात फिरणें आणि करंज्या, अनरसे, चिवड्याचा फराळ वांटणें. उत्तम शुक्रवारीं दुपारची लांब उपासना. पुनरुत्थानाच्या दिवशीं पहाटे अंधारांत निघणें. आमच्या वारीच्या आणि काकडआरतीच्या माणसाला यांत परकें वाटावें असें थोडें आहे.

आमच्या डोक्यावरच, घाट चढून गेलें कीं लागणाऱ्या लोणावळ्यास, १८९० नंतरच्या दशकांत उन्हाळ्यांत ख्रिस्ती मंडळींचे मेळे भरत. पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन एकदां तेथें होत्या. पहाटे रानांत एकट्या जाऊन, या पंधरांचा वर्ग होवो, म्हणजे सव्वादोनशें होवोत, असें त्यांनीं देवापाशीं मागितल्याचें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. देवापाशीं गणित घालणारी ही बाई गणिताच्या शिक्षकाला आवडावी यांत नवल नाहीं. पुढच्याच दुष्काळांत त्यांनीं शेंकडों मुलींना आश्रय दिला, आणि केडगांवचें ‘मुक्ति’ उभें राहिलें.

यापुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. मेथॉडिस्ट ऐन वेळीं बाहेर राहिले. रोमन कॅथलिकांकडे व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ च्या परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेंत आली, आणि आजीला प्रथमच शब्दन् शब्द कळूं लागला. या वादांत आणि ऐक्यांत लहान गांवच्या मंडळीला फारसें विचारलें गेलें नाहीं. तिनें आपली सतरंजी दर रविवारीं घातली.

आज मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची. एक, या मंडळ्यांच्या जुन्या वह्या. बाप्तिस्मे, लग्नें, मृत्यु, दानाचे आणे-पै यांच्या नोंदी कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटींत वाळवीची वाट पाहत असतात, आणि आमचे इतिहाससंशोधक मोडी कागदांपलीकडे पाहत नाहींत. दुसरी, गाणें. तरुण मुलें मुंबई-पुण्यास जातात. तेथून गिटार आणि हिंदी गीतें घेऊन येतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण टिळकांच्या एखाद्या गीताची जुनी चाल आतां दोन-तीन म्हाताऱ्यांच्याच गळ्यांत उरली आहे, आणि ती कागदावर उतरलेली नाहीं. मीं त्या मंडळींपाशीं हें बोलून दाखविलें, तेव्हां एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, मग तुम्ही शिका कीं.” मी दोन शिकलों. तिसरी मला साधत नाहीं.

भातकापणीनंतर तेथें हंगामाचा सण होतो. ज्याच्या त्याच्या रानांतलें, परसांतलें जें असेल तें वेदीपुढें आणून ठेवितात, आणि उपासना संपली कीं त्याचा लिलांव करितात. गेल्या वर्षीं भाताच्या लोंब्या होत्या, केळ्यांचा घड होता, पाय बांधलेला एक कोंबडा होता, तो उपदेशाच्या ऐन मध्यावर आरवला. माझा तो विद्यार्थी आतां पन्नाशीचा आहे. परगांवाहून खास पेटीसाठीं आला होता. लिलांवांत मीं एका भोपळ्यावर बोली लावली. माझ्याविरुद्ध बोलणारे गृहस्थ म्हणजे त्याचे वडील, आतां पंचाऐशींच्या घरांतले. त्यांनीं मला बरेंच वर चढविलें, आणि मग हंसून बसले. भोपळा मला पडला. घरीं त्याचे घारगे झाले, आणि त्यांतले निम्मे पुढल्या रविवारीं डब्यांतून त्याच खोलींत परत गेले.